लोड, खडी आणि सायकल : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात शिमला ते मनाली व्हाया काझा (स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव) या सायकल ट्रिपबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. रस्त्याचं थोडक्यात आधी सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं लागतील. शिमल्याहून किन्नौरमार्गे काझा चारशे किलोमीटरच्या वर, त्यातला बराच भाग डांबरी पण मधे मधे दरड, नाले आणि रस्त्याचं काम. काझ्यानंतर लोसर, मग कुंझुम खिंड, उंची ४,५५१ मीटर, आणि तिथून उतरलं की बातल, छत्रू, ग्राम्फू. बातलच्या पुढचा टप्पा म्हणजे नदीतले गोटे कोणीतरी उचलून ओळीने मांडलेत आणि त्याला रस्ता म्हणायचं ठरलंय. काम चालू आहे, दरवर्षी थोडा सुधारतो, मग बर्फ येतो आणि परत आहे तसा होतो. काझा सोडलं की मनालीपर्यंत सायकलचं दुकान नाही. एवढं डोक्यात ठेवून आता प्रश्न.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी सात वर्षं जुनी ॲल्युमिनियमची हायब्रिड आहे. पुढे तीन मागे आठ गिअर, ३८ मिलिमीटरचे टायर, साधे व्ही ब्रेक. सप्टेंबरमध्ये स्पिती करायचीय, सामान वीसेक किलो होईल. दुकानदार म्हणतो ही सायकल तिकडे नेऊच नका, नवीन घ्या. घेऊ का? (नाशिक)

नका घेऊ. म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर जरूर घ्या, पण स्पितीसाठी म्हणून नको. दुकानदाराला मी नावं ठेवत नाही, त्याचं पोट त्याच्यावर आहे, पण फ्रेम शाबूत असेल तर तुमच्याच सायकलवर थोडा खर्च केलात की ती ट्रिप काढेल. आधी एक करा. सगळं सामान लावा, सायकल वीतभर उचला, सोडा आणि कान देऊन ऐका. जिथून खडखड येईल ते तिकडे तुटणार किंवा गळून पडणार. वजनाने सायकली मोडत नाहीत हो, वजन हललं की मोडतात. एकच वीस किलो घट्ट बांधलेलं आणि तेच वीस किलो दर खड्ड्याला दोन मिलिमीटर सरकणारं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टायर ३८ चा चालेल, पण अजून जाड बसत असेल तर तो घाला. किती बसतो हे बघायला चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि टायर यांच्यामधून, मागे चेनस्टेपाशी, म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांपाशी पण, पेन्सिल आरपार गेली पाहिजे. दोन्ही बाजूंनी. त्याच्यापेक्षा कमी जागा राहिली तर एखादा खडा किंवा चिखलाचा गोळा अडकून रंग तर जाईलच, चाकपण अडेल. बऱ्याच हायब्रिडमध्ये ४२ किंवा ४५ बसतो, मडगार्ड काढलं तर शक्यता अजून जास्त. नक्षीचं फार टेन्शन घेऊ नका, तिकडे ग्रिपने कोणी पडत नाही, टायरच्या बाजू दगडाने चिरतात ते जास्त, म्हणून बाजूचं कापड जाड असलेला टायर बघा आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा कापून किटमध्ये टाका. चीर पडली की तो आतून लावायचा, टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडापण चालतो, मी एकदा त्याच्यावर दोन दिवस काढलेत.

आता गिअर, आणि इथे खर्च करा. तुमच्यासारख्या हायब्रिडला पुढे बहुतेक ४८-३८-२८ दात्यांच्या चकत्या असतात आणि मागे ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. स्वतः दाते मोजा. २८ ला ३२ लावलं की पायडलच्या एका चक्करमध्ये सायकल साधारण १.९ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला साठ चक्कर मारले तर ताशी सात किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण चार हजार मीटरवर कच्च्या चढाला वीस किलो घेऊन तुमचा खरा स्पीड चार-पाच असणार आहे, मग पाय एवढे हळू फिरणार की दर चक्करला गुडघा शिव्या देणार. पुढचा क्रँक (पायडलच्या दांड्या आणि चकत्या) बदलून एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, ४२-३२-२२ घाला, मागे ३४ ची कॅसेट, मग तीच चक्कर १.४ मीटरवर येते आणि साठच्या तालात ताशी पाच. बसल्या बसल्या चढाल. मोठी चकती गेल्याचं दुःख नको, तिकडे ४८ वापरायला सरळ रस्ता कुठाय. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, थोडा खाली सरकवावा लागेल, ते मेकॅनिककडून करून घ्या आणि सामान लावून ट्रायल मारा.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. मागे कॅसेट आहे की आटे असलेलं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील? आठ गिअर आहेत म्हणजे बहुतेक कॅसेट असेल, पण फ्रीव्हील निघालं तर मागचं चाक बदला. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) उजवीकडचे छर्रे आत मधोमध असतात, आणि तिथून बाहेरचा ॲक्सल नुसता लोंबकळत वजन घेतो, तो आधी वाकतो मग तुटतो. आणि ब्रेकसाठी : रिमच्या बाजूवर बोट फिरवा, बशीसारखी खोलगट लागली तर रिम संपत आलीय, लांब उतारावर भरवसा नाही.

प्रश्न : सर, राधानगरीकडे गेलो होतो दोन दिवस, येताना मागचं कॅरियर तुटलं. सीटच्या दांड्याला क्लँप होणारं होतं. वजन फार नव्हतं, दहा-बारा किलो. कुठल्या कंपनीचं घेऊ जे तुटणार नाही? (कोल्हापूर)

कंपनीचं नंतर बघू, आधी तुझं कॅरियर लटकलेलं होतं ते सोड. सीटपोस्टला धरणारं कॅरियर एकाच बिंदूवर उभं असतं, खड्ड्यात गेलं की वर-खाली आणि वळणावर डावी-उजवीकडे डुलतं. डबा आणि रेनकोट न्यायला ठीक. सामानासाठी कॅरियरचे पाय खाली ॲक्सलपाशी फ्रेमला बोल्टने टेकलेले पाहिजेत. आपले दूधवाले बघ ना, लाखाची बॅग-बिग काही नाही, जाड लोखंडी कॅरियर, त्याच्या पट्ट्या थेट ॲक्सलच्या नटाखाली दाबलेल्या आणि किटल्या दोन्ही बाजूंना खाली सोडलेल्या. वजन खाली, दोन्हीकडे सारखं, आणि घट्ट. परदेशी कंपन्या कॅटलॉगमध्ये जे चार पानं सांगतात ते ह्या माणसांनी गवळीवाड्यातल्या वेल्डरकडून करून घेतलेलं असतं.

शक्य असेल तर स्टीलचं घे. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण तुटलं तर त्याला वेगळं वेल्डिंग लागतं, जे गावात होत नाही. स्टीलचं कॅरियर ट्रकची कामं करणारा कोणीपण पाच मिनिटांत चिकटवून देतो.

पण खरं सांगू, कॅरियरपेक्षा बोल्ट जास्त तुटतात, आणि ही मी स्वतः फी भरून शिकलेली गोष्ट आहे. पहिल्या स्पितीच्या वेळेस नाकोच्या पुढे, मलिंग नाला ओलांडून चांगोकडे उतरत होतो, मस्त उतार, डोकं ढगात, आणि मागून टिक्क असा आवाज. पेन पडल्यासारखा. दुर्लक्ष केलं. शंभर मीटरवर सायकल मागून शेपटी हलवायला लागली, थांबून बघतो तर डावीकडचा कॅरियरचा खालचा बोल्ट साफ कापलेला, कॅरियर कलंडून बॅग स्पोकला टेकलेली. अजून दोन वळणं गेलो असतो तर बॅगेचा हूक चाकात आणि मी दरीत. बोल्टचं डोकं गायब, आणि उरलेला तुकडा फ्रेमच्या भोकात अगदी लेव्हलला, पकडायला काही नाही. निघायच्या आदल्या दिवशी घाईत एका दुकानातून सुटे बोल्ट घेतले होते, मऊ लोखंडाचे, वर बारा मिलिमीटरचे, जेमतेम पुरणारे.

त्या दिवशी जुबिली क्लिपने वाचवलं, तीच ती पाइपला आवळतात ती, कॅरियरचा पाय आणि फ्रेमची नळी एकत्र करून दोन क्लिपा आवळल्या, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला रंग जाऊ नये म्हणून, आणि काझ्यापर्यंत तसाच गेलो. तिथे एका ट्रक मेकॅनिकने त्या तुकड्याला हॅक्सॉ ब्लेडने बारीक खाच पाडली आणि पेचकसने उलटा फिरवून काढून दिला. पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला बोल्ट लंबा डालो भाई. तेव्हापासून डावीकडे मी २० मिलिमीटरचा घालतो, चार-पाच मिलिमीटर आतल्या बाजूला बाहेर आला की त्याच्यावर वरून एक लॉकनट. तुटलाच तर आतून पक्कडीने धरून काढता येतो. उजवीकडे मात्र हे चालत नाही हं, तिकडे बाहेर आलेला बोल्ट चेनला घासतो, तिथे मापातच पाहिजे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १२.९ असा आकडा बघून घे, आट्यांना निळं लोक्टाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लाव, लाल अजिबात नाही, लाल लावलंस की तो बोल्ट तुझ्या नातवाला वारसा म्हणून मिळेल. निळं नाही मिळालं तर घरातलं नेलपॉलिश. हसू नकोस, धरतं. आणि रोज सकाळी चहा व्हायच्या आत सगळ्या बोल्टला ॲलन की लावून बघायची, आवळायची नाही, फक्त बघायचं सैल झालाय का.

प्रश्न : माझं वजन ९५ किलो. गोव्यात खाणींच्या जुन्या लाल रस्त्यांवर सायकल चालवतो. मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले सहा महिन्यांत, सगळे उजवीकडचे. दर वेळी मेकॅनिक एक घालतो, आउट काढतो, परत दुसरा तुटतो. रिम बदलू काय? (फोंडा, गोवा)

रिमचा बिचारीचा काही दोष दिसत नाही. कुठे तुटले ते लिहिलं नाहीत, पण पैज लावून सांगतो, हबपाशी, जिथे स्पोक वाकतो त्या कोपऱ्यात. बरोबर ना? लोकांना वाटतं ताण जास्त झाला म्हणून तुटला. उलट आहे. स्पोक ढिला असला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात, तो खाली आला की सैल होतो आणि वर गेला की परत ताणतो. तार हाताने वाकवून सरळ करत राहिलं तर कशी तुटते, तसंच, फक्त किलोमीटरला साडेचारशे वेळा. मागच्या चाकाची उजवी बाजू कॅसेटमुळे जास्त उभी असते, भार सगळ्यात जास्त तिकडे, म्हणून तिकडचेच जातात. आणि चार तुटले म्हणजे उरलेल्यांचंपण आयुष्य तेवढंच झालंय, ते रांगेत उभे आहेत.

म्हणून एकेक घालत बसू नका. हब आणि रिम तीच ठेवा, स्पोक सगळे नवीन, स्टेनलेसचे, जमलं तर मधे बारीक आणि टोकांना जाड असतात तसे, कारण मधला बारीक भाग थोडा ताणतो आणि कोपऱ्यावरचा मार कमी होतो. तुमच्या वजनाला, त्यात सामान, ३६ भोकांचं चाक पाहिजे. सध्या ३२ असेल तर मात्र हब आणि रिम दोन्ही बदलायचा खर्च येईल, तो करावा असं माझं मत, पण आधी नीट बांधलेलं ३२ वापरून बघायला हरकत नाही. नीट बांधलेलं ३२ हे घाईत बांधलेल्या ३६ पेक्षा केव्हापण चांगलं.

आता नीट म्हणजे काय. चाक हातात आलं की स्पोकला नखाने टिचकी मारत जा. उजवीकडच्या सगळ्यांचा सूर जवळपास एक यायला पाहिजे, डावीकडच्यांचा थोडा खालचा पण आपापसात सारखा. मधेच एखादा थप्प वाजला तर तो ढिला. चाक दिसायला सरळ असू शकतं आणि सूर बेसूर, आपला रस्त्यावरचा मेकॅनिक आउट काढताना फक्त सरळ करतो, एक ढिला करून दुसरा आवळतो, म्हणून परत तुटतो. आणि बांधून झाल्यावर शेजारच्या दोन-दोन स्पोकची जोडी मुठीत धरून जोरात दाबायची, पूर्ण चाकभर, करकर आवाज येतो, ते स्पोक कोपऱ्यात नीट बसत असतात. मग परत आउट बघायचा. हे करणारा माणूस वेळ घेतो. दोन तासांत चाक देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

जोडीला सुटे स्पोक ठेवा : मागचे उजवे तीन, मागचे डावे दोन, पुढचे दोन, तिन्हींची लांबी वेगळी असते म्हणून कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि सीटपोस्टच्या पोकळीत सरकवून द्या. उजवा घालायला कॅसेट काढावी लागते, तिचा पाना किटमध्ये नसेल तर ते तीन स्पोक शोभेचे.

प्रश्न : घरी टायरमध्ये ४० पीएसआय भरून गेलो तर वर कुंझुमला पण ४० च राहील का? मित्र म्हणतो हवा विरळ असल्याने टायर फुटतो. (ठाणे)

मित्राला चहा पाजा, अर्धं बरोबर आहे त्याचं. गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे ते. ठाण्यात बाहेरची हवा १४.७ पीएसआयने दाबत असते, कुंझुमला साडेआठच्या आसपास. म्हणजे नुसतं वर गेल्याने गेज ४० चं ४६ दाखवेल. पण ठाण्यात तीस डिग्री आणि वर सकाळी पाच डिग्री, थंडीने आतली हवा आकसते, तो हिशोब धरला की येतं ४२ च्या आसपास. दोघं एकमेकांना खातात. फुटत-बिटत काही नाही.

खरी गंमत पंपाची आहे. वरची हवा विरळ म्हणजे पंपाच्या प्रत्येक झटक्यात हवा कमी शिरते, रिकामी ट्यूब ४० पर्यंत भरायला घरी दीडशे झटके लागत असतील तर तिथे अडीचशेच्या आसपास, आणि तेपण तुम्हाला स्वतःलाच दम लागलेला असताना. म्हणून बोटभर लांबीचा स्टायलिश पंप नको, पाय ठेवून मारता येणारा, नळी असलेला छोटा पंप घ्या. आणि ४० कशाला एवढं? पन्नासचा जाड टायर असेल, सगळं मिळून शंभरेक किलो असेल, तर मागे ३५ आणि पुढे ३० च्या आसपासपासून सुरुवात करा. रिम दगडाला आपटल्याचा ठण् आवाज आला तर दोन-तीनने वाढवा. नाही आला तर तसंच ठेवा. कच्च्या रस्त्यावर कडक टायर म्हणजे सगळा मार मनगटाला आणि कॅरियरच्या बोल्टला.

प्रश्न : माझी उंची पाच फूट, सायकल छोट्या फ्रेमची. पॅनियर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या बॅगा) लावल्या की टाच बॅगेला लागते. बाइकपॅकिंगवाल्या बॅगा घेऊ का? त्या हॅंडलला, सीटखाली लावतात त्या. आणि किती सामान न्यावं? मैत्रीण तंबू, स्टोव्ह सगळं घ्या म्हणतेय. (नागपूर)

ताई, तिसरा प्रश्न आधी, कारण तो सुटला की पहिले दोन आपोआप सुटतात. किन्नौर-स्पितीत सीझनला होमस्टे आहेत, ढाबे आहेत, गावांमधे अंतर सायकलवाल्याला जमेल एवढं आहे. तंबू-स्टोव्ह न्यायचाच हट्ट नसेल तर सगळं मिळून दहा-बारा किलोत बसतं, पाणी धरून. एक पिशवी घ्या, सगळं भरा, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. काटा खोटं बोलत नाही, आपण बोलतो. थंडीचे कपडे मात्र कापू नका, नागपूरची माणसं पाच डिग्रीला उगाच शूर होतात.

दहा-बारा किलोला बाइकपॅकिंग बॅगा उत्तम. खडखड कमी, टाच लागायचा प्रश्न नाही. पण छोट्या फ्रेमला एक अडचण येते, सीटखालची लांब बॅग मागच्या टायरला टेकते, सीट आणि टायरमधे जागाच नसते. सायकलवर बसा, कोणाला तरी मोजायला सांगा, वीतभरपेक्षा कमी असेल तर ती बॅग नको. त्यापेक्षा मागे साधं कॅरियर आणि त्याला छोट्या पॅनियर, म्हणजे पुढच्या चिमट्यासाठी विकतात त्या. मागची नेहमीची मोठी जोडी ४० लिटरची असते, पुढची तिच्या जवळपास निम्मी, तीच मागे लावायची. हूक मागे सरकवून बसवा म्हणजे टाच मोकळी. हूक आणि कॅरियरच्या नळीमधे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, आणि बॅगेच्या खालच्या बाजूचा जो छोटा हूक असतो, जो सगळे विसरतात, तो नळीत नीट अडकवा. दर खड्ड्याला बॅग उडते ती तो सुटा राहिल्यामुळे.

जड वस्तू खाली. हत्यारं, सुटे पार्ट आणि पाणी फ्रेमच्या त्रिकोणात गेलं तर सोन्याहून पिवळं. हॅंडलवर फक्त हलकं फुगीर सामान, झोपायची बॅग वगैरे, तिथे दोन-तीन किलोच्या वर गेलं की खडीत पुढचं चाक तुमचं ऐकत नाही. आणि छोट्या फ्रेमला वळताना पायाचा अंगठा पुढच्या टायरला लागतो का ते घरीच, अंगणात हळू आठ काढून बघा. जाड टायर घातल्यावर परत बघा.

प्रश्न : न्यू जर्सीहून स्पितीसाठी सायकल घेऊन येतोय, ट्यूबलेस, १२ स्पीड, डिस्क ब्रेक. काय सुटे पार्ट आणू? (न्यू जर्सी)

डिरेलर हॅंगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) दोन. तो तुमच्या मॉडेलचाच लागतो, इथे विचारलंत तर दुकानदार फक्त प्रेमाने बघेल. ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, त्या मेटलच्या, कारण पाणी आणि वाळू एकत्र आली की रेझिनचे पॅड बघता बघता संपतात. १२ स्पीडच्या चेनच्या क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या) दोन-तीन. ट्यूबलेस खुशाल ठेवा, पण सीलंट (टायरचं भोक आतून बुजवणारं द्रव) नवीन भरून या आणि तरी दोन ट्यूब जवळ ठेवा. बाजूला मोठी चीर पडली की सीलंट कारंज्यासारखं उडतं, बाकी काही करत नाही. नाले दुपारनंतर बर्फ वितळून फुगतात, ते सकाळी लवकर ओलांडा, हे तुमच्या यादीत नव्हतं पण सांगितलेलं बरं.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा. माझी काळी सायकल आहे, २८ इंची, १९८५ सालची. बारामतीहून कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्याने जमेल तितकं जात पंढरपूर गाठायचा विचार आहे, पंधरा किलो सामान. मुलगा म्हणतो ही भंगारात द्या. तुमचं मत? (बारामती)

काका, मुलाला म्हणावं आधी तू भंगारात जा. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले होते, त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा, १९२८ साली प्रदक्षिणा पूर्ण करून परत आले. तेव्हा ना डिस्क ब्रेक, ना कार्बन, ना आमच्यासारखे सल्ला देणारे.

तुमच्या सायकलला जाड लोखंडी कॅरियर आहे, सामान झेपतं, टायर गावोगाव मिळतो. फक्त दोन-तीन कामं करून घ्या. दोन्ही हब उघडून छर्रे बदला, ग्रीस नवीन. पायडलच्या कॉटर पिना बघा, दोन्ही पायडल समोरासमोर एका रेषेत नसतील तर पिन खाल्लेली आहे. ब्रेकच्या दांड्या तेल घालून मोकळ्या करा आणि रबर नवीन टाका, तरी ओल्या रिमला ते धरत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, म्हणून पाऊस असला तर उतारावर उतरून चाला. तुमच्या वाटेला घाट नाही ते बरं आहे. कालव्याकडेला खरा शत्रू सराटे आणि बाभळीचा काटा. दर थांब्याला टायरवरून ओला फडका धरून चाक फिरवा, नुसता टोचलेला काटा आत जायच्या आत निघतो. ट्यूब दोन घ्या, सोल्युशनची नवी बाटली घ्या, घरातली सुकलेली असणार. व्हॉल्व्ह ट्यूबचे चार तुकडे खिशात.

सामान पोत्यासारखं वर रचू नका, दोन पिशव्या करून दोन्ही बाजूंना सोडा, सारख्या वजनाच्या, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून, स्पोकपासून लांब. आणि तुमच्या सायकलला जोडस्टँड असणार. तो मात्र मुलाने काढायला सांगितला तरी काढू नका, वजन कमी होईल वगैरे ऐकू नका. आम्ही लोक लाखाची सायकल घेऊन स्पितीत फोटो काढायचा म्हटलं तर दहा मिनिटं तिला टेकवायला दगड शोधत फिरतो.